आई, मुलगी आणि घरातून गेलेलं माणूस : पहिली कादंबरी लिहायला बसताना

माझ्या पहिल्या खर्ड्यात आई एकोणीस वेळा रडली होती. मी मोजलं नव्हतं, वाचायला घेतलेल्या मैत्रिणीने मोजलं. समासात पेन्सिलने १ ते १९ आकडे टाकत गेली होती. मुलगी तेरा वेळा. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, "मला एकदाही रडू आलं नाही. आणि हे गृहस्थ करायचे काय गं?" गेलेला माणूस पोटापाण्यासाठी काय करायचा, हे दोनशे वीस पानांत कुठेच आलं नव्हतं.

तो खर्डा माळ्यावर आहे. पण त्यानंतर बरेच जण, जास्त करून बायका, हाच विषय घेऊन माझ्याकडे आले. घरातलं कुणीतरी गेलंय, मागे आई आणि मुलगी राहिल्यात, आणि त्या दोघींचं लिहायचंय. विषय घरचा असल्यामुळे सोपा वाटतो आणि पन्नासाव्या पानावर अडतो. कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं नंतर, एवढं खाली सांगते. एकही कादंबरी न लिहिलेल्यांसाठी आहे. ज्यांनी दोन-तीन लिहिल्यात त्यांच्या आपापल्या सवयी असतील, त्यांनी त्या मोडू नयेत.

१. गेलेला माणूस आधी उभा करा

उदाहरणाला एक घर घेऊ, शेवटपर्यंत तेच वापरू. सांगलीचं, गावभागातलं, कृष्णा पाच मिनिटांवर. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. निवृत्त झाले आणि एका मे महिन्यात गेले. मागे बायको, पुण्याला दिलेली मुलगी, गावातच राहणारा मुलगा आणि अण्णांची म्हातारी आई.

अण्णांनी पुढच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलने रेघा मारून ठेवल्यात. २००५, २०१९, २०२१. जिथवर पुराचं पाणी आलं तिथे रेघ आणि शेजारी तारीख. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पावसाळ्यात सांगलीच्या माणसाला फोन केला की खुशाली नंतर, आधी "आयर्विनला किती?" हे अण्णा दर दोन तासांनी मुलीला पुण्याला कळवायचे. तिने विचारलेलं नसतानाही.

झाला माणूस उभा. "प्रेमळ", "कष्टाळू", "कुटुंबवत्सल" हे शब्द मृत्यूच्या बातमीत ठीक असतात, कादंबरीत त्यांचा उपयोग नाही. वहीत गेलेल्या माणसाबद्दल चाळीस वाक्यं लिहा. चहा बशीत ओतून प्यायचा का, पैसे कुठे ठेवायचा, बाजारातून पिशवी आणली की कुणाच्या हातात द्यायचा. चाळिसांतली दोन वाक्यं मात्र सक्तीची : तो खोटं कशाबद्दल बोलायचा, आणि त्याचा अबोला कुणाशी होता. ही दोन सुचत नसतील तर तुम्ही अजून फोटोला हार घालताय. दोन दिवस थांबा.

२. मृत्यू एक, नुकसान तीन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या पुढेमागे झाल्या तरी चालतील.

एक माणूस गेला म्हणून घरातल्या सगळ्यांचं सारखंच गेलं असं नसतं. अण्णांच्या आईचा मुलगा गेलाय, आपल्याआधी. तिच्या दृष्टीने हा हिशेबच उलटा झालाय, आणि आपण मागे राहिलो याची तिला शरम वाटते. बायकोचं काय गेलं? पहाटे साडेपाचला चहा मागणारा माणूस गेला, भांडायला हक्काचं माणूस गेलं, "ह्यांना विचारून सांगते" ही सबब गेली. आणि खरं सांगायचं तर थोडा जाचही गेला. अण्णा तिला एकटीला बहिणीकडे मुक्कामाला जाऊ द्यायचे नाहीत. आता ती जाऊ शकते. याचा आनंद होतोय की काय, या भीतीने ती जात नाही.

आणि मुलगी? तिचे वडील गेले हे झालंच. पण आई-मुलीचं आपसातलं बोलणं इतकी वर्षं अण्णांमार्फत चालायचं. आई अण्णांना म्हणायची, "तिला सांगा, जावईबापूंना गोड कमी द्यायला." मुलगी अण्णांना म्हणायची, "आईला सांगा, गुडघा दाखवून घे." मधला निरोप्या गेला. पहिल्यांदाच दोघींना एकमेकींशी थेट बोलायची वेळ आली आणि सवय तर नाही. माझ्या मते आई-मुलीच्या दुःखाच्या कादंबरीला इंधन इथून मिळतं. तुमच्या घरात निरोप्या नसेल, दुसरं काही असेल. ते शोधा.

करायचं असं : तिघींच्या नावाने तीन पानं घ्या. प्रत्येकीने आपल्या तोंडाने लिहायचं, "माझं काय गेलं." मग पान उलटून, "दुसरीचं काय गेलं असं मला वाटतं." मुलीला वाटत असतं, आईचा आधार गेला. आईने स्वतःच्या पानावर आधाराचं नावही काढलेलं नसतं, तिने भांडणाबद्दल लिहिलेलं असतं. मुलगी त्या समजुतीवर आईला आधार द्यायला धावते, आई चिडते, मुलगी दुखावते. हा घोळ मनासारखा सापडला की प्रसंग आपोआप सुचायला लागतात. मी हे काम पंधरा दिवस करायला सांगते, लोक एका संध्याकाळी उरकतात आणि मग चौथ्या प्रकरणात येऊन अडतात.

३. पाच अवस्थांची पाच प्रकरणं करू नका

नाकारणं, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. दुःखाच्या अवस्थांची ही यादी आता सगळ्यांना माहीत आहे आणि नवे लेखक तिची अनुक्रमणिका करतात. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरांनी ती १९६९ मध्ये मांडली, तीही स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटवली गेली. माणसं या पायऱ्या क्रमाने चढत नाहीत.

लिहिणाऱ्याला जास्त उपयोगी पडतो तो मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार. त्यांचं म्हणणं, दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची आठवण, ओढ, रडणं. दुसऱ्या टोकाला गॅसचा नंबर लावणं, बँकेत जाणं, नव्या कामांची सवय करणं. एकाच दिवसात दहा वेळा इकडून तिकडे. आता गंमत अशी की आई आणि मुलगी एकाच वेळी एकाच टोकाला क्वचितच असतात. मुलगी पुण्याहून येते तेव्हा रडायला आलेली असते आणि आई नेमकी त्या दिवशी डबे घासायला काढते. मुलगी म्हणते, तुला काहीच कसं वाटत नाही. एवढ्यावर एक प्रकरण निघतं.

४. वर्ष हातात घ्या

पहिल्या कादंबरीला काळाची चौकट तयार मिळाली तर अर्धं ओझं कमी होतं. मृत्यूपासून वर्षश्राद्धापर्यंतचं एक वर्ष घ्या. मराठी वर्ष तुमच्यासाठी प्रसंग मांडूनच ठेवतं.

अण्णा मेमध्ये गेले. रक्षाविसर्जन, दहावा, तेरावा होतो न होतो तोच ज्येष्ठातली वटपौर्णिमा. सकाळी भाजीला निघालेल्या आईला वाटेतल्या वडाशी बायकांची गर्दी दिसते. त्यांतली एक ओळखीची, तिला कळत नाही बघून हसावं की तोंड फिरवावं. आई काय करते? वळसा घालून जाते, की मधूनच जाते आणि भाजीचा भाव विचारते? मग पाऊस आणि आयर्विनचे फूट, पण या वर्षी फोन करायला कुणी नाही. गणपती. पितृपक्ष. दिवाळीला घरात फराळ होत नाही, शेजारपाजाऱ्यांचे आणि नातेवाइकांचे डबे येतात. अकरा घरांचा चिवडा आणि त्यात एकही आपल्या चवीचा नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू. सगळं घेऊ नका. पाच-सहा निवडा आणि बाकीचं वर्ष दोन ओळींत जाऊ द्या.

विधी लिहिताना स्वतःच्या घरचे लिहा किंवा विचारून लिहा. मराठी घर म्हणजे एकच रीत नव्हे. सांगली-सोलापूरकडच्या लिंगायत घरांत दहन नसतं, दफन असतं. बौद्ध घरांत पिंड नसतो, जलदान विधी असतो. मुसलमान बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. कावळा पिंडाला शिवत नाही हा प्रसंग इतक्या वेळा लिहिला गेलाय की तुम्हाला त्यात खरोखर नवं काही दिसलं असेल तरच हात घाला.

इथे एक खड्डा आहे, त्यात हुशार लेखकही पडतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. गाव सांगलीपासून फार लांब नाही. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सुचवलं. साहजिकच आपल्या कथेतली पुण्याची मुलगी आईला म्हणते, तू टिकली लावायचीच. ठराव चांगला आहे यात मला शंका नाही. पण कादंबरीत मुलीने आईच्या कपाळावर टिकली लावण्याचा प्रसंग लिहाल तेव्हा आईला विचारलंय का, ते बघा. तिला नको असेल तर? आणि हवी असेल पण मुलीच्या हातून नको असेल तर? कपाळ कुणाचं, हा प्रश्न सुटायच्या आत प्रकरण संपवा.

५. कागदपत्रं

नवे लेखक हा भाग टाळतात, रुक्ष म्हणून. माझ्या अनुभवात सगळ्यात जिवंत प्रसंग इथेच निघतात, कारण घरातली माणसं सरकारी टेबलापुढे उभी राहिली की आपसातलं सगळं बाहेर येतं.

थोडी माहिती पक्की करून घ्या, चुकली तर वाचक हसतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. दाखल्याच्या प्रती दहा तरी घ्याव्या लागतात, प्रत्येक ठिकाणी एक मागतात. अण्णांचं पेन्शन ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतलं, आधीच तुटपुंजं, आणि बायकोला मिळणार त्याच्या साधारण निम्मं. त्यासाठी तिने दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. नवरा गेल्याचा दाखला एका खिडकीवर आणि आपण जिवंत असल्याचा दुसऱ्या. हे वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका, दोन खिडक्या दाखवल्या की पुरे.

मग घर. ते अण्णांच्या स्वकमाईचं असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि अण्णांची आई या चौघांचा सारखा वाटा. होय, म्हातारीचाही. हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं, आणि कुणीतरी क्लार्क सहज म्हणून जातो, "आजींची पण सही लागेल." सगळे वळून तिच्याकडे बघतात. आजवर तिला कुणी कशात विचारलेलं नसतं. एक चूक सर्रास दिसते : स्वकमाईच्या घरातही मुलीला हक्क २००५च्या दुरुस्तीने मिळाला, असं लिहितात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्काची. स्वकमाईत मुलगी १९५६ पासून आहेच.

आणि हक्कसोडपत्र. भाऊ म्हणतो, "ताई, नुसती सही आहे गं. दुय्यम निबंधकाकडे अर्धा तास." आई गप्प. मुलीला वाट्याचे पैसे नकोच असतात, पण आईने एकदा तरी "तिला विचारा" म्हणावं असं वाटत असतं. आईला वाटत असतं, पुढचं सगळं म्हातारपण मुलाच्या दारात काढायचंय, आत्ता तोंड उघडलं तर. दोघीही बरोबर. खलनायक शोधायची गरज पडत नाही, भावालाही करू नका. त्याचेही वडील गेलेत.

६. बोलणं

या कादंबरीत भाषा हीच मोठी सोय आहे, वापरा. आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. आणि ताटात अन्नही वाढतात. मरण टाळण्यासाठी केलेले हे शब्द ज्या घरात मरण येऊन गेलंय तिथे रोज तोंडी येणारच. ते मुद्दाम उचलून दाखवू नका. पात्रांना बोलू द्या, वाचकाच्या कानाला लागतं.

नवऱ्याचं नाव न घेणारी आई "हे" म्हणते. ती कधी "हे म्हणतात" वरून "हे म्हणायचे" वर येते? लग्नपत्रिकेत नावाआधी "कै." छापायची वेळ आली की कोण अडखळतं? क्रियापदाचा काळ बदलतो ती जागा ठरवून ठेवा. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिते : अमुक प्रकरणापर्यंत आई वर्तमानकाळात.

बोली अर्धवट येत असेल तर कमी वापरा, पण खरी वापरा. सांगलीची आई "काय करत आहेस?" म्हणणार नाही, "काय कराय लागलीयास?" म्हणेल. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल "मी आलो", "मी जातो" म्हणतात, ते प्रूफ तपासणारा दुरुस्त करून ठेवतो, त्याला आधी सांगून ठेवा. पुण्यात दहा वर्षं राहिलेल्या मुलीची बोली पुसट झालेली असते आणि भांडणात परत येते. सासूला "आत्याबाई" की "मामी" की "अहो आई", हे घराप्रमाणे बदलतं. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच.

७. नजर

तिघींपैकी कुणाच्या डोळ्यांनी दाखवणार ते ठरवा आणि पहिल्या वेळेस एकच घ्या. मुलीची घेतली तर सोपं जातं, कारण लिहिणारी बहुधा मुलगीच असते. आईची घेतली तर पुस्तक जास्त चांगलं होण्याची शक्यता आहे. एवढंच.

८. रडणाऱ्याच्या हातात काम द्या

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते कादंबरीलाही लागू आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकारी बायकांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आई आणि लेक सारख्या भेटतात. आईची माया, माहेर तुटणं, आईच्या मागे उरलेलं घर. बायकांनी हे सगळं हात दळणात गुंतलेले असताना गायलं. दळण थांबवून कुणी हुंदका देत बसलं नाही, पीठ व्हायचं होतं.

तेव्हा प्रत्येक भावनिक प्रसंगात पात्राच्या हातात काहीतरी द्या. माझ्या माळ्यावरच्या खर्ड्याच्या चालीवर हाच प्रसंग लिहिला तर असा होईल :

"आईने भिंतीवरच्या रेघांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. 'तुझ्या वडिलांची फार आठवण येते गं,' ती हुंदके देत म्हणाली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या."

आता पुन्हा, घराला रंग काढलाय असं धरून :

"रंगाऱ्याने बादली खाली ठेवली. 'ह्या रेघांचं काय करायचं, मावशी?'
'घासून घे.'
'आई.'
'काय आई? भिंतीला ओल धरलीया. पुट्टी बसायची न्हाई.'
'तेवढं सोडून मारू दे की.'
'आणि पाव्हणं विचारत्यात, त्येंना काय सांगू?' आईने पदर खोचला आणि खराटा उचलून भिंतीपाशी उभी राहिली. २०१९ची रेघ तिच्या डोक्याच्या हातभर वर होती. 'ह्यांचं काय जातंय? रेघ मारायची आणि पायरीवर जाऊन बसायचं. चिखल मी काढलाय.'"

दुसऱ्यात कुणी रडत नाही. मुलीसाठी त्या रेघा म्हणजे अण्णा, आईसाठी त्या म्हणजे आठ दिवस उपसलेला चिखल. दुसऱ्या पायरीतली तीन पानं लिहून झाली असतील तर असा संवाद हाताला येतो. "ह्यांचं काय जातंय" मधला वर्तमानकाळही तिथेच बसला, तो मी नंतर घातलेला नाही.

संपूर्ण कादंबरीत आईला एकदा रडू द्या. कुठे, ते तुम्ही ठरवा, पण ज्या गोष्टीवरून वाचकाला वाटत असेल तिच्यावरून नको. पंक्चर झालेल्या सायकलवरून रडेल, जुन्या कुलपाची किल्ली सापडली म्हणून रडेल.

९. रोजचं काम

डेमी आकाराच्या पानावर साधारण तीनशे शब्द बसतात. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे साठ हजार शब्द. रोज चारशे लिहिले तर दीडशे दिवस. सुट्या, लग्नं, ताप धरून आठ महिने. पहिल्या खर्ड्यात मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. पात्राचं नाव बदललं तरी पुढून नवं नाव वापरा. युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टांत केलेलं काम पुढे कुठे पाठवायचं म्हटलं की जोडाक्षरांचा चुरा होतो. मोबाइलवर बोलून लिहिता येतं, संवादांसाठी ते मला आवडतं, मात्र "करत्यात"चं "करतात" होत नाही ना, ते बघा.

खर्डा झाला की दीड महिना कपाटात. मग मोठ्याने वाचा आणि माझ्या मैत्रिणीसारखे समासात आकडे टाका.

१०. स्वतःचं वर आलं तर

ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यांना मी पहिलं वर्ष फक्त टिपणं काढायला सांगते. तारीख, कोण काय म्हणालं, ताटात काय होतं. प्रकरणं नंतर. लिहिता लिहिता झोप उडाली, जेवण जाईना, दिवसचे दिवस तसंच चाललं, तर वही मिटा आणि कुणाशी तरी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कादंबरी थांबेल, तिला घाई नसते.

११. घरच्यांना दाखवणं

आई हयात असेल आणि गोष्ट तिच्यावरून सुचलेली असेल तर छापायच्या आधी तिला वाचून दाखवा. परवानगी हा शब्द वापरला की आया घाबरतात, "ऐकतेस का जरा" म्हणा. तिच्या आजाराचं, पैशांचं, माहेरच्या भांडणाचं जे तिने फक्त तुम्हाला सांगितलंय, ते तिने नको म्हटलं तर काढा. वाद घालू नका. गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या बदलली की बरंच झाकलं जातं. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी वडिलांचा व्यवसाय बदलला आणि त्यामुळे पुस्तकच सुधारलं, कारण नव्या व्यवसायाची माहिती काढायला मला घराबाहेर पडावं लागलं.

माझ्या आईने दोन दुपारी सगळं ऐकलं. मृत्यूच्या प्रकरणावर काही बोलली नाही. लोणच्याच्या प्रसंगावर थांबवलं. "फोडी धुऊन ओल्याच मिठात टाकल्यात हिने. बुरशी येईल." मी ते बदललं.

१२. छापणं

थेट कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जाण्याआधी एखादं प्रकरण कथा म्हणून दिवाळी अंकांना पाठवा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून कितीतरी जणांचं पहिलं छापील पान दिवाळीतच आलंय. मजकूर पावसाळ्यातच गोळा होतो, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, त्यांच्या चालू वर्षाच्या अटी बघून अर्ज करा. स्वतः छापणार असाल तर पुस्तकाची ओळख असलेला आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. तो मिळवून देण्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तुमच्यानंतर साठ वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. करार मात्र नीट वाचा. छापील आवृत्तीचे हक्क द्यायचे, ऑडिओ, भाषांतर आणि चित्रपटाचे वेगळे लिहून घ्यायचे. "सर्व हक्क" असे शब्द दिसले आणि समोरचा म्हणाला, "ताई, नुसती सही आहे," तर पेन खाली ठेवा. हे वाक्य तुम्ही पाचव्या पायरीवर स्वतःच लिहिलेलं आहे.